ड्रॅगनवर वाजलेली शिटी

आमच्या दुकानाच्या चॅनलवर पंचांच्या एका निकालाचे दोन व्हिडिओ आहेत. ते काढून टाका, असं मला अधूनमधून कोणीतरी सांगत असतं. कोणी गोडीत सांगतं, कोणी दमात घेतं. एकानं तर लिहिलं, 'ताई, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.' माझ्या भल्याचं बोलणारा माणूस भेटला की त्याचा दुसरा हात कुठे आहे ते मी आधी बघते. ही सवय मला कळमन्याच्या बाजारानं लावली. तर व्हिडिओ आहेत तिथेच आहेत, त्यांच्याखालचं लोकांचं हसणंही तिथेच आहे. त्यातला एक शब्द मी काढलेला नाही.

पंच म्हणजे कबड्डीचे पंच. पोटापाण्यासाठी ते पाटबंधारे खात्यात कारकून होते, पण त्यांच्याकडून ते कधी ऐकायला मिळत नसे. 'नोकरी होती' एवढंच म्हणायचे, जसं कोणी 'मलेरिया झाला होता' म्हणावं. खरं आयुष्य त्यांनी गावोगावच्या मैदानांवर शिटी गळ्यात घालून काढलं. उंच, काटकुळे, कमरेतून किंचित पुढे झुकलेले. डाव्या भुवईवर एक जुनी खोक. समोरच्याच्या तोंडाकडे ते कधी पाहत नसत, आधी पायांकडे पाहत. "तोंडानं माणूस काहीबी बोलते," म्हणायचे, "पाय खोटे बोलत नाहीत." जन्मभर मध्यरेषेवर कोणाचा पाय पडला, कोणाचा नाही, हेच पाहिलेला माणूस, दुसरं काय करणार?

ते माझ्या दुकानात आले ते भांडायला. नागपूरच्या प्रतापनगरातलं माझं दुकान म्हणजे पुढे व्हिडिओ गेम विकायची खोली आणि मागे गिऱ्हाइकांना खेळून बघण्यासाठी मांडलेले पडदे. मागच्या भिंतीला लागून त्यांचं घर. दुपारच्या झोपेत तलवारींचा खणखणाट ऐकून ते बनियनवरच आले. मागच्या खोलीत कॉलेजातला एक मुलगा खेळत होता. पडद्यावर एक चिलखती योद्धा आणि त्याच्याभोवती दरोडेखोरांचं कोंडाळं. पंच दारात थबकले, दोन मिनिटं पाहिलं, आणि खिशातून शिटी काढून अशी फुंकली की पुढच्या खोलीतल्या गिऱ्हाइकाच्या हातातली डबी पडली.

"हे काय चालून राहिलं?"

"काका, आवाज कमी करते," मी म्हटलं.

"आवाज गेला खड्ड्यात. हे सात जण काहून उभे आहेत?"

"कोणते सात?"

"हे! एक जण मार खाऊन राहिला अन् बाकीचे काय वरातीत आले? धरा न त्याले!"

मुलगा म्हणाला, "काका, तसंच असते. एकेक करून येतात."

"काहून?"

"सगळे एकदम आले तर हिरो मरन न."

"मंग मरू दे! सात जणांत एकटा शिरला, मराले पायजे. अन् नाही मेला तर मंग हिरो म्हणू त्याले."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, शर्ट घालून. म्हणाले, तो डबा द्या इकडे. डबा म्हणजे कंट्रोलर.

त्यांनी माझ्या दुकानातून कधी एक रुपयाची वस्तू घेतली नाही, आणि मी अशा माणसाला दुकानात उभं राहू देत नाही. पण पंच खेळायला लागले की मागे गर्दी जमायची, आणि गर्दीतले निम्मे जाताना काहीतरी घेऊन जायचे. हिशेब जमत होता. मग मी एक कॅमेरा लावला आणि पंचांचा खेळ चॅनलवर दाखवायला लागले. त्यांची अट एकच होती. दाखवायचं ते तेव्हाच्या तेव्हा, थेट. "खेळून झालेला सामना काटछाट करून दाखवाचा नसते, शेठाणी. ते नाटक होते." मला ते शेठाणी म्हणायचे. त्यात टोमणा किती आणि मान किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचे नियम मैदानावरचे होते. खेळायच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर. जमिनीला हात लावून तो कपाळाला. खेळायचं उभ्यानं. ज्या दिवशी गेमचा निकाल द्यायचा त्या दिवशी माझ्याकडचा चहा नाही, पाणी घरून बाटलीत. "सामन्याच्या दिवशी पंचानं कोणत्याच संघाचा चहा पिऊ नये. चहा फुकट नसते." मी म्हणायची, मी कोणत्या संघाची? ते म्हणायचे, "ज्याच्या दुकानात माल आहे त्याच्या."

आणखी एक नियम होता, आणि पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं, म्हणून तो नीट सांगते. पंच गेमच्या मेनूत कधी जात नसत. या खेळांत आधी एक यादी येते. आवाज किती, रंग कसे, शत्रू किती कठीण, सगळं आपल्याला हवं तसं लावून घेता येतं. पंचांना ती यादी दाखवली की ते मान फिरवायचे. "तो संघाचा तंबू आहे. सामन्याआधी पंच तंबूत जात नाही. तिथी गेला की कोणाच्या गुडघ्याले काय लागलं हे दिसते, अन् मंग शिटी फुंकताना हात जड होते." समोर जसा गेम येईल तसा ते खेळायचे.

लढाईबद्दल त्यांचे प्रश्न ठरलेले होते. पहिला प्रश्न, पाय. किती मोठमोठ्या कंपन्यांचे योद्धे त्यांनी पहिल्या घटकेत बाद केले! "याचे पाय जमिनीले लागूनच नाही राहिले. घसरत चालते. जो जमिनीवर नाही तो मारन कसा?" दुसरा, दम. कबड्डीत चढाई करणाऱ्याला एका दमात जाऊन परत यावं लागतं, म्हणून पडद्यावरचा योद्धा दहा वार करूनही धापा टाकत नसला की ते चिडायचे. आणि तिसरा प्रश्न म्हणजे समोरच्याला काही मत आहे का? "मी पुढं झालो तर त्यानं काहीतरी केलं पायजे. मागं सरकावं, वाकावं, चकवा द्यावा. नुसता मार खाणारा शत्रू म्हणजे गहू भरलेलं पोतं."

त्यांना मनापासून आवडला तो एकच गेम. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, आम्ही सगळे त्याला 'दरी' म्हणायचो. दरीतल्या राज्याची गोष्ट, जादू, पिशाच्चं, ड्रॅगन, सगळं होतं. त्यात एका पुलावर भाला घेतलेला म्हातारा पहारेकरी उभा असे. तो अंगावर येत नसे. तुम्ही एक पाऊल पुढे टाकलं की तो एक मागे, तुम्ही ढाल खाली केली की भाला छातीत. एकच युक्ती दोनदा केली की तिसऱ्यांदा तो ओळखायचा. पंच त्या पुलावर कित्येक आठवडे मरत होते आणि दर मरणाला खूश होत होते. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी चकवा देऊन त्याला गुडघ्यावर आणलं. गेममध्ये तिथे त्याला मारता येतं किंवा सोडता येतं. पंचांनी कंट्रोलर खाली ठेवला आणि पडद्याला हात जोडले. गर्दीतलं कोणी हसलं नाही.

मला गेम खेळता येत नव्हता, फक्त विकता येत होता. पण तो पूल मला कळला. मी कळमन्यात संत्र्यानं सुरुवात केली. सकाळी लिलावात माल उचलायचा आणि दिवसभर फिरून विकायचा. तेव्हा काही अडते भाव तोंडानं बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचे, आत बोटं दाबून आकडा सांगायचा, जमलं तर मान हलवायची, नाही जमलं तर हात काढून घ्यायचा. बाहेर कोणाला काही कळत नसे. पुलावरच्या लढाईसारखंच ते. थोडं पुढे, थोडं मागे, समोरच्याचा अंदाज घेत. पण बाईचा हात रुमालाखाली कोण घेणार? मला सांगायचे, 'तुम्ही तोंडानं बोला.' म्हणजे माझा भाव भर बाजारात, आणि माझ्या शेजारच्याचा भाव रुमालात. त्याला कमी पडायचा, मला जास्त. मी आवाज चढवला, भांडले, टिकले, पुढे जुन्या सीडी विकल्या, दुकान काढलं. पण तो रुमाल मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

दरीचा दुसरा भाग यायचा होता तेव्हा माझी अडचण अशी होती की नवा माल मला थेट मिळत नसे. वितरक तो मॉलमधल्या मोठ्या दुकानाला द्यायचे आणि उरलासुरला मला तिथून चढ्या दरानं घ्यावा लागायचा. वितरकांच्या एका बैठकीला गेले तर दारातच विचारलं, 'त्या जुन्या सीडीवाल्या ना तुम्ही?' बसायला खुर्ची दिली. माल दिला नाही.

आणि मग एक दिवस वितरकाचा माणूस स्वतः माझ्या दुकानात आला. कडक इस्त्री, टोकदार बूट. म्हणाला, "मॅडम, दरीच्या दुसऱ्या भागाच्या विक्रीचा पहिला दिवस नागपुरात तुमच्याकडे करू. त्यानंतर सगळा नवा माल थेट तुम्हाला. तुमच्या त्या काकांना लोक खूप बघतात. फक्त रिव्ह्यू चांगला आला पाहिजे. म्हणजे येईलच, गेम सुंदरच आहे." शेवटचं वाक्य बोलताना त्यानं आवाज इतका खाली आणला की मला काउंटरवरून वाकावं लागलं. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला रुमालाखाली घेत होतं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी घासाघीस करून दुकानाच्या नावाचा मोठा फलकही पदरात पाडून घेतला. मग त्यानं स्वतःच्या हातानं आमच्या पडद्यावर गेम चढवला, सुरुवातीची यादी भराभर अंगठ्यानं दाबत पुढे नेली, आणि पहिलं दृश्य आल्यावर म्हणाला, "घ्या, तयार आहे."

तो अंगठा मी पाहिला. लक्षात ठेवा.

निकालाच्या दिवशी खोली भरलेली, चॅनलवर त्याहून जास्त माणसं. पंचांनी चप्पल काढली, जमिनीला हात लावला. पहिला लांडगा अंगावर आला. पंचांनी एक वार केला. लांडगा मेला.

पंच मागे वळून म्हणाले, "मेला?"

"मेला," कोणीतरी म्हणालं.

"कशानं?"

पुढे दरोडेखोर आले. आता मात्र सगळे एकदम धावले. पंच खुलले. "आता कसं! या बाप्पा, या!" त्यांनी तलवार फिरवली, उजेडाचं एक कडं निघालं आणि सगळे एकदमच आडवे. देवळासमोर ड्रॅगन होता, पडदाभर. जाहिरातीत तोच होता. आग ओकायचा आणि मग मान खाली घालून उभा राहायचा, गळ्याजवळ लाल ठिपका चमकत असायचा, म्हणजे इथे मारा. पंचांनी मारलं नाही. ते थांबले. ड्रॅगनही थांबला. पंचांनी कंट्रोलर खुर्चीवर ठेवला, बाटलीतलं पाणी प्यायले, तोंड पुसलं, परत आले. ड्रॅगन मान खाली घालून वाट पाहत होता.

शिटी वाजली.

"बाद! ड्रॅगन बाद! हा लढून नाही राहिला, हा ड्युटी करून राहिला. मी तीस-पस्तीस वर्षं हेच केलं, मले कळते. सही केली अन् बसला."

खोली हसून लोळली. मी काउंटरशी दात खात उभी होते.

पण पुढचं हसणं वेगळं होतं. पुण्याकडच्या एका मोठ्या चॅनलवाल्यानं तो तुकडा उचलला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक खूण होती, ती त्यानं लाल गोलात दाखवली. गेम सगळ्यात सोप्या पातळीवर लावलेला होता. 'आजोबा सोप्यावर खेळून राहिले अन् म्हणतात सोपं हून राहिलं!' आमची बोली त्यानं नाक दाबून बोलून दाखवली. खाली शेकडो लोक. 'आधी मेनू वाचायला शिका.' 'संत्री विका.' मी एकेकाला उत्तर देत बसले. त्यातली काही उत्तरं मी इथे लिहू शकत नाही, पण ती वाचायची असतील तर व्हिडिओखाली आहेत.

वितरकाच्या माणसाला फोन लावला. "पातळी तुम्ही लावली होती. माझ्या डोळ्यांसमोर."

"मॅडम, ते आपोआप तसंच येतं."

"तुमचा अंगठा आपोआप आला होता?"

तो भांडला नाही. म्हणाला, झालं ते झालं, अजून मार्ग आहे. तो व्हिडिओ काढा. काकांनी दुसऱ्या व्हिडिओत माफी मागावी आणि गेमची तारीफ करावी. मी म्हटलं, माफी नाही. बराच वेळ ओढाताण झाली. शेवटी ठरलं ते असं. जुना व्हिडिओ काढायचा, आणि पंचांनी नव्यात एवढंच म्हणायचं की 'मी सोप्यावर खेळलो होतो, कठीणवर मजा आहे.' दोन वाक्यं. त्याच्या बदल्यात पहिला दिवस माझा, माल थेट माझा. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला सौदा होता. मी फोन ठेवला तेव्हा मला कळमन्यातल्या एकूण एक अडत्याचं तोंड आठवलं.

संध्याकाळी पंचांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते. वर न पाहता म्हणाले, "पाय काहून हलून राहिले शेठाणी तुमचे?"

मी सगळं सांगितलं. सोप्या पातळीचं ऐकल्यावर त्यांनी शिटी हातात घेतली आणि नुसती फिरवत राहिले. लोक हसले त्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. पंच चुकला, याचं वाटलं होतं. मग भुवईवरच्या खोकेवर बोट ठेवून म्हणाले, "हे कशाचं आहे सांगितलं का तुमाले? उमरेडकडं एका गावात अंतिम सामना होता. मी गड्याले बाद दिला, गाव नाचाले लागलं. मंग मातीत पाहिलं तं पाय रेषेच्या अलीकडं. फिरवला निकाल. तिथंच, त्याच लोकाइसमोर. एक गोटा आला."

"अन् मंग?"

"मंग काय, टाके पडले. निकाल बरोबर झाला."

मी म्हटलं, "मंग हेबी फिरवा. दोन वाक्यं बोला. सोप्यावर होतो, कठीणवर मजा आहे."

"आहे मजा?"

"असन न."

"पाहिली तुमी?"

"मले खेळता येते का?"

"मंग मी पाहतो," ते म्हणाले. "न पाहता निकाल देणारा पंच तुमाले दुसऱ्या दुकानात भेटन."

"पंच, माह्या दुकानाचा प्रश्न आहे."

"माहीत आहे. म्हणून तं नीट पाहतो."

ते घासाघीस करत नसत. मी मोठमोठ्या व्यापाऱ्यांना जेरीला आणलं आहे, पण ज्याला काही नकोच त्याच्याशी भाव करायचा कसा, हे मला कळमन्यात कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरा व्हिडिओ. तीच खोली, तीच माणसं, शिवाय हसायला आलेले नवे. वितरकाचा माणूस माझ्या शेजारी काउंटरला टेकून उभा. मी त्याला चहा दिला, त्यानं घेतला. पंचांनी चप्पल काढली, पण जमिनीला हात लावण्याआधी स्वतःच शिटी फुंकली आणि स्वतःकडेच बोट केलं.

"मागच्या निकालात पंच चुकला. तंबूत जाचं नसते हे बरोबर आहे. पण सामन्याआधी मैदान मोजाचं असते. मी नाही मोजलं. लिहून घ्या."

मग ते मेनूत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. चष्मा वर करून सगळी यादी वाचली आणि सगळ्यात कठीण पातळी लावली. पहिल्या लांडग्यानं त्यांना फाडून खाल्लं. "वा!" पंच म्हणाले. पुन्हा मेले, पुन्हा "वा!" वितरकाचा माणूस हसला, मीही हसले. हे असं कित्येक दिवस चाललं, रोज थेट, सगळं त्याच एका व्हिडिओत. पंच मरत होते, शिकत होते, त्यांचा योद्धा वाढत होता. नवं चिलखत आलं, मोठी तलवार आली.

मग शेवटच्या दिवशी ते मुद्दाम मागे फिरले. सुरुवातीच्या रानात गेले, त्याच लांडग्यापाशी. लांडग्याला तितकेच वार लागले, जितके कठीणवर पहिल्यांदा त्याला मारताना लागले होते.

"पाहिलं? मी वाढलो की हाबी वाढते. गेम याले माह्याबरोबर मोठा करून राहिला. मंग मी वाढलो कायले?"

मला ते वाक्य काउंटरमागे लागलं. मी संत्र्यांची पेटी घेऊन फिरत होते तेव्हा भाडं कमी होतं, दुकान झालं तेव्हा भाडं वाढलं, थेट माल मागायची ऐपत आली तेव्हा खुर्ची दिली. मी वाढले की समोरचा लांडगाही वाढतो, हे मला कोणी गेममध्ये दाखवायची गरज नव्हती.

ड्रॅगनशी तासभर लढाई झाली. आगीचा एक लोळ लागला तरी मरण. सगळे ओरडत होते. आणि मधेच पंच थांबले. ड्रॅगनही मान खाली घालून थांबला. तसाच. तोच लाल ठिपका.

वितरकाचा माणूस माझ्या कानाशी आला. "मॅडम, बंद करा. आत्ता. इंटरनेट गेलं म्हणून सांगता येईल." लॅपटॉप माझ्या पुढ्यात होता, एक बटण दाबायचं होतं. माझं बोट त्यावर होतं. त्यानं पुन्हा हळूच म्हटलं, "कोणाला काही कळणार नाही."

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. कोणाला काही कळणार नाही, या चार शब्दांवर माझ्या शेजारच्यांनी माल उचलला आणि मी बाजारात ओरडत राहिले. मी हात काढून घेतला.

पंचांची शिटी वाजली. "तोच आहे. सोप्यावर लहान पोतं, कठीणवर मोठं पोतं. आत गहूच. पहिल्या भागातला पुलावरचा म्हातारा माह्याशी बोलत होता, हा तासभर ओरडला अन् एक शब्द बोलला नाही. निकाल कायम. चूक माही होती ते सांगितलं, आता यांची सांगतो. बाद."

पहिला दिवस मॉलमध्ये झाला. थेट मालही तिकडेच गेला. पण निकालाच्या त्या दिवशी रात्रीपर्यंतही मला धीर धरवला नव्हता. गर्दी पांगल्याबरोबर मी पंचांवर ओरडले, "माह्या पोटावर पाय दिला तुमी!"

त्यांनी खाली माझ्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. "हो. दिला. पाहूनच दिला."

माफी नाही, समजूत नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आले, म्हणाले, "आज सामना नाही. चहा सांगा." मी सांगितला नाही. तिसऱ्या दिवशी सांगितला.

दरीचा दुसरा भाग पुष्कळांना आवडला. माझ्याकडे जुन्या प्रती येतात आणि जातात. पंच चुकले असं म्हणणारे जाणते लोकही आहेत. असतील चुकले. पण मग या, सगळ्यांसमोर कठीण पातळी लावून खेळा, आणि शिटी वाजवून सांगा कुठे चुकले ते. नाक दाबून आमच्या बोलीत बोलणं म्हणजे निकाल नाही. 'मेनू वाचायला शिका' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला? चुकलो म्हणून स्वतःवर शिटी वाजवणारा एकही परीक्षक मला त्यानंतर दिसला नाही, आणि मी दिवसभर हेच बघत बसते.

पंच मागच्या उन्हाळ्यात गेले.

या आठवड्यात दरीचा तिसरा भाग घेऊन वितरकाचा नवा माणूस आला. हाही टापटीप, हाही गोड. म्हणाला, "मॅडम, जुनं विसरून जाऊ. ते दोन व्हिडिओ तेवढे काढा, यावेळी पहिला दिवस तुमचा, माल थेट." बोलता बोलता त्यानं आवाज खाली आणला. मला वाकावं लागेल इतका.

मी वाकले नाही. सरळ उभी राहून विचारलं, "किती देता ते मोठ्यानं बोला. मागच्या खोलीत पोरं आहेत, त्यांनाबी ऐकू येऊ द्या."

तो गडबडला. तेवढ्यात चहा आला. "घ्या ना मॅडम," तो म्हणाला, जणू दुकान त्याचं होतं.

"तुमी प्या," मी म्हटलं. "आज माहा सामना आहे."

मी मागच्या खोलीच्या दारात चप्पल काढली. पोरं बाजूला सरकली. कॅमेरा लावला, थेट. शिटी माझ्याकडे नाही, ती त्यांच्याबरोबर गेली, पण माझा आवाज कळमन्यात घडलेला आहे, मला शिटी लागत नाही. गेम त्याच्या हातात दिला नाही, मीच चढवला. यादी आली. मी ती वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचली, मैदान मोजलं, आणि सगळ्यात कठीण पातळी लावली.

वेशीवरच्या पहिल्याच पहारेकऱ्यानं मला पाडलं. मी त्याचे पाय पाहिले. जमिनीला लागलेले होते.

दारात तो माणूस चहाचा पेला धरून उभा होता. मी न वळता म्हटलं, "बसा. निकालाले वेळ लागन."